आत्याबाई, जावई आणि तेविसावा दिवस

सर नळ कोपराने उघडत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये नळ तसाच उघडायचा असतो, त्यात नवल काही नाही. पण सर उसाच्या रसाच्या दुकानातला नळसुद्धा कोपराने उघडत. स्वतःच्या लग्नात जेवणानंतर हात धुतानाही त्यांनी कोपरच वापरलं आणि त्या नादात सासऱ्यांच्या धोतरावर पाणी उडवलं, असं काकू सांगायच्या. "तेव्हाच ओळखायला हवं होतं मी," हेही सांगायच्या.

यावरून कोणाला वाटेल की सर जंतूंना घाबरत. छे! जंतूंवर त्यांचा जीव होता. आठ दिवस कुजलेल्या बशीचं झाकण उघडून, सगळी लॅब नाकाला रुमाल लावून मागे सरकलेली असताना, सर पुढे वाकून म्हणायचे, "काय झकास आलेत बघ!" कोणाच्या डब्यातल्या लोणच्यावर बुरशी दिसली की डबा जिचा तिची समजूत घालायचं सोडून ते काचपट्टी घेऊन यायचे. माणसांची चौकशी ते पोटापासून सुरू करत. "कसं आहे पोट?" हा त्यांचा नमस्कार. नव्या प्राध्यापिका याने गोंधळत. जुन्या सरळ उत्तर देत.

घाटकोपरच्या एका कॉलेजात ते शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि मग त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. सोबत माझं एम.एस्सी.चं संशोधनही त्यांच्याकडेच चाललेलं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. संपात गिरणी गेली आणि माझे बाबा मुलुंडला एका गोदामात नोकरीला लागले होते. घरात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे आमच्या मालवणकडच्या सगळ्या नातेवाइकांना मी नक्की कशात शिकते याची फार उत्सुकता. "दगड बघता," असं बाबा सांगायचे. ते अगदीच चूक नव्हतं.

लॅबच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली काचेची एक टाकी होती आणि तिच्यात समुद्राच्या पाण्यात सहा प्रवाळं होती. लांबून पाहिलं तर मूठमूठभर दगड. जवळ जाऊन दहा मिनिटं हलला नाहीत, तर त्या दगडावर बारीक बारीक फुलं उमलत. ती फुलं नव्हेत, जनावरं. एकेका दगडावर शेकडो, प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती बोटं. खालचा दगड हे त्यांनी स्वतः बांधलेलं घर. परदेशातलं एक मासिक सरांकडे महिनोन् महिने उशिरा यायचं. त्यात त्यांनी एकदा वाचलं की या प्रवाळांनाही जंतूंचे रोग होतात आणि मैलच्या मैल खडक त्यात मरू शकतात. झालं! जंतू होतेच, त्यात समुद्र आला. त्या दिवसापासून सरांचं बाकी कशात लक्ष राहिलं नाही.

प्रवाळ म्हणजे पोवळं, एवढंच बाकीच्या स्टाफला माहीत. फिजिक्सचे एक प्राध्यापक मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालत. "तुमच्या टाकीतलं एखादं द्या ना, अस्सल मिळत नाही हल्ली," असं ते सरांच्या मागे लागले. सरांनी त्यांची अंगठी मागून घेतली, मायक्रोस्कोपखाली नीट पाहिली आणि परत देताना म्हणाले, "तुमच्या मंगळाला प्लास्टिक चालतं ना? मग बदलू नका." दोन महिने ते प्राध्यापक आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

ही प्रवाळं सरांनी मालवणच्या बाजूने आणली होती. तेव्हा आणता यायची. आता कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. भरपूर ओहोटी असेल ती तिथी पंचांगात बघायची, गुडघाभर पाण्यात खडकावर उतरायचं, आणि परतताना एसटीत पायांशी पाण्याचे कॅन घेऊन बसायचं. एका खेपेला मीही होते. कंडक्टरने विचारलं, "यात काय?"

"जनावरं," सर म्हणाले.

"जनावरं एसटीत चालत नाहीत."

सरांनी झाकण उघडून दाखवलं. कंडक्टर वाकला. "हे तर दगड आहेत!"

"मग दगड समजा."

"दगडांना लगेज लागेल."

"अहो, दगड नाहीत, जनावरं आहेत," सर कळवळून म्हणाले, आणि खरंच सांगते, त्यांना फसवायचं नव्हतं. त्यांना त्या माणसाला प्रवाळ समजावून सांगायचं होतं. कणकवली येईपर्यंत त्यांनी ते सांगितलंही. शेवटी कंडक्टर स्वतः कॅन धरून बसला, कारण गाडी फार हिसके देत होती.

टाकीतल्या सहा जणांना सरांनी नावं दिली होती: थोरली, मधली, धाकटी, आत्याबाई, व्याही आणि जावई. जावई कायम रुसलेला. त्याची बोटं क्वचित बाहेर यायची, आणि आली की सर शिपायाला चहा सांगायचे. आत्याबाई मोठी, गोल, तपकिरी, सगळ्यांत ठणठणीत तब्येतीची. सकाळी लॅबमध्ये शिरताना सरांचा पहिला प्रश्न, "आत्याबाई उठली का?" नवीन मुलींना वाटायचं सरांची आत्या कॉलेजातच राहते.

टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप होता. वीज गेली की तो बंद पडे, आणि हवा नसेल तर प्रवाळं गुदमरतात. म्हणून सरांनी सायकलचा पंप आणून ठेवला होता. वीज गेली रे गेली की प्रॅक्टिकल थांबायचं आणि रोल नंबरप्रमाणे एकेकीने दहा मिनिटं पंप मारायचा. परीक्षा चालू असताना वीज गेली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनीसुद्धा पाच मिनिटं पंप मारला. सरांनी त्यांना विचारलं नव्हतं, नुसता हातात दिला होता.

पाणी यायचं वेसाव्याहून. माहूलची खाडी घाटकोपरहून जवळ, पण त्या पाण्यावर तेलाचा तवंग असायचा. सर म्हणत, "त्यात पुऱ्या तळ, प्रवाळ ठेवू नको." वेसाव्याला एक कोळीण मावशी होत्या. त्यांच्या घरची होडी खोल समुद्रात जायची आणि मासळीबरोबर सरांसाठी दोन कॅन निळं पाणी घेऊन यायची. मावशी सरांना 'मास्तर' म्हणायच्या आणि सरळ अरे-तुरे करायच्या. सर त्यांना अहो-जाहो. आठवड्यातून एकदा आम्ही कॅन आणायला जायचो, तेव्हा मावशी विचारायच्या, "काय रं मास्तर, तुजी दगडां जेवली का?" सर मग थोरलीपासून जावयापर्यंत सगळ्यांची खुशाली सांगायचे. मावशी कोलंबी सोलता सोलता ऐकायच्या.

पावसाळ्यात होड्या बंद. म्हणून मेअखेर पिंप भरून ठेवायची आणि तेच पाणी ऑगस्टपर्यंत पुरवून पुरवून वापरायचं. त्या वर्षी पाऊस लांबला. पिंपातलं पाणी शिळं झालं, आणि एका सकाळी जावयाच्या अंगावर मला काळी रेघ दिसली.

रेघ म्हणजे धागाच, शिवणाच्या दोऱ्याएवढा. धाग्याच्या पुढे जिवंत तपकिरी मांस, मागे उघडा पडलेला पांढरा दगड. सरांनी मासिकातलं चित्र आणून शेजारी धरलं. "झकास!" ते म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं तोंड पडलं. इतकी वर्षं ज्या रोगाबद्दल वाचलं तो घरी आला होता, पण आला तो घरच्या माणसावर.

मग सुरू झालं माझं काम. रोज सकाळी आठला कंपासपेटीतलं कर्कटक घ्यायचं आणि तो धागा कालपासून किती सरकला ते मोजायचं. रोज दोन-तीन मिलिमीटर. पंधरा दिवसांत धागा आत्याबाईवर आणि मधलीवर आला. सर म्हणाले, "साथ आहे. सगळ्यांना औषध द्यायचं." जावयाला मात्र नाही. "एक जण बिनऔषधाचा हवा. नाहीतर औषधाने बरं वाटलं की आपलं आपण, हे कसं कळणार?" जावई एकटा टाकीत राहिला आणि बाकी पाच जण दोन टबांत गेले. टबातलं पाणी सरांनी आधी उकळून, गार करून, हवा भरून घेतलं होतं, नवा एकही जंतू आत जाऊ नये म्हणून. त्यात मोजून औषध घातलं, माणसांना देतात त्यातलंच एक.

तिसऱ्या दिवशी धागा थांबला. पाचव्या दिवशी गेला. मी सांगते, त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो. एकवीस दिवस आम्ही मोजलं. धागा परत आला नाही, आत्याबाई फुललेली, धाकटीची बोटं बाहेर, आणि इकडे बिनऔषधाच्या जावयाचं निम्मं अंग पांढरं. आकडे इतके स्वच्छ की मला ते रात्री पाढ्यांसारखे पाठ म्हणता आले असते. प्रवाळाच्या रोगावर उपाय! सरांनी त्याच दिवशी निबंध लिहिला, खाली माझंही नाव घातलं, आणि अंधेरीला जानेवारीत होणाऱ्या परिसंवादासाठी पाठवून दिला. फिजिक्सचे प्राध्यापक अंगठी विसरून पेढे घेऊन आले.

या निबंधावर बरंच काही अवलंबून होतं. सर पन्नाशीला आले होते आणि पीएच.डी. नव्हती. "पीएच.डी. नाही त्याला टाकी कशाला?" असं प्राचार्यांचं म्हणणं. त्यांना त्या खिडकीखाली स्टेशनरीचं कपाट ठेवायचं होतं. परिसंवादाला विद्यापीठाच्या समितीचे लोक येणार होते. त्यांनी काम बघून होकार दिला की सरांची पीएच.डी. मार्गी लागणार होती. आणि माझं म्हणाल तर माझा सगळा प्रबंधच तो. मुलुंडच्या एका औषध कंपनीने मला तोंडी सांगून ठेवलं होतं, जूनपर्यंत डिग्री हातात घेऊन ये, जागा तुझी. बाबांनी ही बातमी मालवणला पत्राने कळवूनही टाकली होती.

एकविसाव्या दिवसानंतर लगेच दिवाळीची सुट्टी लागली. कॉलेज बंद, पण प्रवाळांना सुट्टी नसते. शिपायाकडून किल्ली घेऊन मी रोज आठला जात होते. सुट्टीच्या दुसऱ्या सकाळी दार उघडलं आणि वास आला. पाचही जण गेले होते. अंगावरचा जिवंत थर दुधावरच्या सायीसारखा सुटून टबात तरंगत होता आणि खाली लख्ख पांढरे दगड.

सर आले. कोपराने नळ उघडला, हात धुतले, कर्कटक घेतलं आणि पाचही जणांना मोजलं. मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी मोजलं आणि वहीत पाच वेळा शून्य लिहिलं. मग टाकीपाशी गेले. जावई निम्मा पांढरा, निम्मा तपकिरी, आणि तपकिरी भागावर सगळी बोटं बाहेर काढून बसलेला.

"ज्याला काही दिलं नाही, तो जगला बघ," सर म्हणाले.

त्याच दिवशी आम्ही रिकामे कॅन परत करायला वेसाव्याला गेलो. मावशींनी नेहमीसारखं विचारलं, दगडं जेवली का. सरांनी सगळं सांगितलं, उकळलेल्या पाण्यापासून औषधापर्यंत. मावशींनी कोयता खाली ठेवला. "मास्तर, पानी उकलून गार केलंस ना, मंग ते नुसतं पानी ऱ्हातं. समिंदर नाय ऱ्हात."

सर तिथेच मासळीच्या टोपलीशेजारी खाली बसले. "मावशी," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसंच झालंय." मग माझ्याकडे वळून बोलायला लागले. प्रवाळाच्या अंगावर जो चिकट थर असतो त्यात असंख्य जंतू राहतात, त्यातले काही त्याची राखण करत असणार, औषधाने धागा मेला पण राखणदारही मेले, आणि उकळलेल्या पाण्यात नवे यायला वाव नव्हता. "एक चोर धरायला मी अख्खं गाव जाळलं गं!" आयुष्यभर जंतूंवर प्रेम केलेल्या माणसाने प्रवाळावरचे जंतू तेवढे विचारात घेतले नव्हते. जंतू मारायचे तर एकूण एक मारायचे, अशी आमच्या लॅबची शिस्तच होती. ती शिस्त नसलेला कोणी असता तर त्याने समुद्राचं पाणी जसंच्या तसं वापरलं असतं आणि कदाचित प्रवाळं वाचलीही असती.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, सर मुलुंडला आमच्या घरी आले. ते कोणाच्या घरी जात नसत. कोणाचे नळ कसे असतील याची त्यांना काळजी वाटायची. बाबांनी दार उघडलं.

"येवा मास्तरांनू, बसा. आमचा चेडू रोज आठाक थंय पोचता, दिवाळी-बिवाळी काय बघणा नाय."

सर बसले. चहा आला, चकल्या आल्या. सरांनी चकली हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "एक विचारायला आलोय," ते मला म्हणाले. "निबंध एकवीस दिवसांचा आहे. तो खरा आहे. त्यापुढचं फक्त तुला, मला आणि मावशींना माहीत आहे."

"हो सर."

"मला ते तिथे सांगायचंय. पण सांगितलं तर माझं जे व्हायचं ते होईल, तुझा प्रबंधही जाईल. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, वर्ष-दीड वर्ष. तुझी नोकरी जूनमध्ये आहे. निबंधावर तुझं नाव आहे, मोजलंस तू. त्यामुळे मी एकट्याने ठरवणार नाही. तू नको म्हणालीस तर मी त्याबद्दल तोंड उघडणार नाही. शब्द देतो."

स्वयंपाकघरातला स्टोव्ह आईने बारीक केला, म्हणजे तीही ऐकत होती. मी खाली बघत होते. मला फार वेळ लागला नाही, हे आधी कबूल करते. "सर," मी म्हटलं, "एकवीस दिवसांचंच सांगू या ना. ते खोटं थोडंच आहे?" आणि चकल्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"ठीक," सर म्हणाले. हातातली चकली त्यांनी खाल्ली, चहा संपवला, बाबांना पोटाचं विचारलं आणि गेले.

बाबा बराच वेळ दाराशी उभे होते. "तू सांगलंस तां बरा की वायट, माका काय कळणा नाय," ते म्हणाले. "पण मास्तराचा तोंड बघलंस मां?"

मी बघितलं नव्हतं.

दोन महिने गेले. सरांनी त्या विषयाचं एक अक्षर काढलं नाही. रुसले नाहीत, टोमणे नाहीत. होड्या परत जायला लागल्या होत्या, आम्ही जावयाला ताजं पाणी देत होतो आणि तो रेंगाळत रेंगाळत जगत होता. फक्त सर आता लॅबमध्ये शिरताना काही विचारत नसत.

अंधेरीचं सभागृह चांगलं मोठं होतं. पुढच्या रांगेत समितीचे तिघे. सरांनी स्लाइड दाखवल्या. त्यातली एक उलटी लागली, आत्याबाई डोक्यावर उभी राहिली, लोक हसले. सरही हसले. एकवीस दिवसांचा आलेख पडद्यावर आला तेव्हा समितीतल्या एकाने मान डोलावली. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सुटलो, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक किडकिडीत गृहस्थ उठले. उन्हाने रापलेला चेहरा, समुद्रावर काम करणारा माणूस असावा. "छान काम आहे," ते म्हणाले. "पण एकविसाव्या दिवसानंतर काय झालं?"

सरांनी चष्मा काढला आणि बुशशर्टच्या टोकाने पुसला. "रोजचं मोजमाप माझ्या सहकारी बाईंनी केलंय," ते म्हणाले. "उत्तर त्या देतील."

मी उभी राहिले. माझं वाक्य तयार होतं. 'निरीक्षण अजून चालू आहे.' दोन महिने मी ते आंघोळ करताना, बसच्या रांगेत, पोळी लाटताना घोकलं होतं. वाक्य बिनतोड होतं आणि जावई जिवंत असल्यामुळे म्हटलं तर खरंही होतं. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. पाठ फिरवून, त्या उलट्या लागलेल्या स्लाइडशी उगाच खुडबुड करत उभे होते. त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली तर मला खोटं बोलणं जड जाईल, म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती. मला सोपं जावं म्हणून!

"मेली," मी म्हटलं. "औषध दिलेली पाचही मेली. चोविसाव्या दिवशी. औषध न दिलेलं एक तेवढं जिवंत आहे."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. समितीतल्या मान डोलावणाऱ्याची मान थांबली.

"तेविसाव्या!" सर गर्रकन वळून ओरडले. "औषध दिलं तो दिवस शून्य धरायचा! किती वेळा सांगितलंय तुला?" आणि मग जे सुटले ते चाळीस मिनिटं थांबले नाहीत. उकळलेलं पाणी, राखणदार जंतू, वेसाव्याच्या मावशी, सगळं. अध्यक्षांनी तीनदा घंटा वाजवली. ते किडकिडीत गृहस्थ खुर्ची ओढून पुढे येऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली, लोक उठून गेले, मी दोन ताटं घेऊन दाराशी उभी, आणि हे दोघं रिकाम्या सभागृहात पडद्यासमोर हातवारे करत होते. सरांना इतकं खूश मी धागा गेला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

समितीने सरांना नाही म्हटलं. 'काम अपूर्ण,' असा शेरा आला, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावामागे काही लागलं नाही. महिन्याभरात खिडकीखाली स्टेशनरीचं कपाट आलं. टाकी सरांच्या घरी गॅलरीत गेली. काकूंनी तुळस सरकवून तिला जागा करून दिली. माझी जूनची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली आणि माझी डिग्री दीड वर्षाने आली, ती न उकळलेल्या पाण्यावर. बाबांनी मालवणला दुसरं पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अंधेरीहून आम्ही बसने परत निघालो. साकीनाक्याला बस अडकली ती हलेना. सरांना खिडकीची जागा मिळाली होती आणि ते त्या किडकिडीत गृहस्थांनी दिलेला कागद तिसऱ्यांदा वाचत होते. मला राहवेना.

"सर, त्या माणसाने विचारलंच नसतं तर?"

"तर काय?" ते कागदातून वर न बघता म्हणाले. "तुला शब्द दिला होता ना."

"म्हणजे तुम्ही खरंच गप्प बसला असता?"

"बसलो असतो." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "डॉक्टर झालो असतो. तुला नोकरी लागली असती. मग जंतूंचं काम मी सोडून दिलं असतं, एवढंच. मोजलेलं लपवून परत मोजायला कसं बसणार? अकरावी-बारावीला शिकवलं असतं. वाईट नाही ते."

पुढचा सिग्नल सुटावा एवढ्याच काळजीने त्यांनी हे सांगितलं. जी एक गोष्ट त्यांना आयुष्यात करायची होती ती ते माझ्या नोकरीसाठी सोडणार होते. त्या रविवारी आमच्या घरी चकली हातात धरून बसले होते तेव्हाच त्यांचं ते ठरलेलं होतं, आणि मी त्यांच्यापुढे बशी सरकवत होते. मला रडू आलं. बसमध्ये, सगळ्यांसमोर. सरांनी कावरंबावरं होऊन इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पोट दुखतंय का?"

"नाही सर," मी म्हटलं.

"मग उद्या आठला ये," सर म्हणाले. "जावयाचं पाणी बदलायचंय."